साथीचा माणूस

मावळात दशक्रियेला जमलेली माणसं नदीवरून लगेच उठत नाहीत. पिंडाला कावळा शिवला, तरी प्रवचन बाकी असतं, आणि प्रवचन संपलं की श्रद्धांजलीची भाषणं. माजी सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात, मुलाच्या कंपनीतले साहेब बोलतात. गेलेल्या माणसाशी ज्याचा जेमतेम रामराम होता, तोही दोन शब्द बोलून घेतो. प्रत्येकजण आधी आपलं नातं सांगतो: भाचा, वर्गमित्र, शेजारी, व्याही. भाजे गावातल्या ज्या माणसाबद्दल मी लिहितोय (नाव लिहीत नाही, गावाला ते न लिहिता कळेल, आणि गावाबाहेर त्याचा उपयोग नाही), त्याच्या दशक्रियेला माइक फिरत फिरत माझ्याकडेही आला. "आम्ही एकत्र वाजवायचो," एवढं म्हणून मी तो पुढे दिला. बसलेल्यांना ते तुटक वाटलं असणार. माझ्या मते तिथे झालेल्या भाषणांत तेच सगळ्यात नेमकं होतं.

आमची बेंजो पार्टी होती. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मावळात हळदीला बेंजो सांगितला नाही, तर वरबापाची इज्जत जायची. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवलेली पेटी. मूळची ती जपानची. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली तायशोगोतो नावाचं वाद्य केलं, ते हिंदुस्थानात येऊन बुलबुल तरंग झालं आणि आमच्याकडे पिकअप लावून, अँप्लिफायरला जोडून, हळदीत शिरलं. हा इतिहास मला फार उशिरा कळला. आम्ही शिकलो ते चैत्रात, कार्ल्याच्या एकवीरेच्या यात्रेत. मुंबई, ठाणे, रायगडाकडचे कोळी-आगरी पालख्या घेऊन यायचे आणि बरोबर त्यांचे बेंजो. त्या गर्दीत उभं राहून ऐकायचं आणि घरी येऊन बोटं आपटायची, हीच आमची शाळा.

बेंजो माझ्याकडे आणि ढोलकी त्याच्याकडे. ताशाला आणि खुळखुळ्याला पोरं बदलत राहिली, आम्ही दोघे कायम. सुपारी माझ्या नावावर यायची, कारण गाणं बेंजोवर वाजतं आणि लोकांना गाणं ओळखू येतं. फर्माइशी माझ्याकडे, वरून ओवाळलेल्या नोटाही माझ्या पेटीवर. बिदागीच्या वाटणीवरून आमचं वाजलंही. त्याचं म्हणणं असं की गाणं ऐकून माणूस मान डोलावतो, पण पाय उचलतो तो ढोलकीवर. मग पायाचे पैसे वेगळे का धरायचे? या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, त्यामुळे वाटणी सारखी झाली.

तो ढोलकी लावताना पाहण्यासारखा असायचा. खिशात पाना. मांडवात आल्यावर आधी माझ्याकडे षड्ज मागायचा. मी तार छेडत राहायचो आणि तो शाईची बाजू कोरड्या फडक्यानं पुसून, एकेका बोल्टाजवळ बोटाच्या टोकानं हलकं मारत गोल फिरायचा. कान जवळजवळ चामड्याला टेकलेला. जिथे आवाज उतरलेला, तिथे पाव आटा. मे महिन्यातही लोहगड-विसापूरच्या पायथ्याला रात्री हवा दमट होते, चामडं उतरतं. गणपतीत तर विचारायला नको. मंडळी "चला, सुरू करा" म्हणून ओरडत असायची, नवरदेवाचा मामा डोक्यावर येऊन उभा राहायचा. हा मान वर करायचा नाही. हळदीच्या गोंगाटात सूर पाव आटा इकडेतिकडे झाला तर कुणाला कळणार होतं? मी हे एकदा विचारलं. "तुला कळंल की," तो म्हणाला.

आणि त्याची एक जागा होती. मुखडा संपून अंतरा उचलायच्या आधी तो अख्खी मात्रा कोरी सोडायचा. हात वर. मीही थांबलेला, नाचणाऱ्यांचा पाय हवेत. मग धुमेचा एकच दणका, आणि मांडव उसळायचा. ही जागा मूळ गाण्यात नव्हती, ती त्यानं काढलेली. ती ठरवताना आम्ही बोललो असू, असं मला आठवत नाही. एका रात्री त्यानं हात वर केला आणि मी कळ दाबली नाही, एवढंच. आज रेडिओवर ती गाणी लागतात तेव्हा मूळ गाणं त्या ठिकाणी न थांबता सरळ पुढे निघून जातं, आणि मला मूळ गाणंच चुकल्यासारखं वाटतं. एखाद्याची आठवण येते म्हणतात तेव्हा लोकांना चेहरा दिसतो, बोलणं ऐकू येतं. मला त्याची आठवण येते ती एका मात्रेपुरती, तीही बोटांत.

त्या गाण्यांत सगळ्यात जास्त वाजलेली 'मैंने प्यार किया'ची. सिनेमा 1989 च्या शेवटी आला आणि पुढच्या लग्नसराईत दुसरं काही कुणी मागेचना. कॅसेटवर संगीतकाराचं नाव राम-लक्ष्मण. ही जोडी मराठी माणसांची. दादा कोंडक्यांच्या 1975 च्या 'पांडू हवालदार'पासून दोघांनी एकत्र संगीत द्यायला सुरुवात केली. राम म्हणजे सुरेंद्र, लक्ष्मण म्हणजे विजय पाटील. राम 1976 साली गेले. पुढे 'हम आपके हैं कौन'पर्यंत आणि त्यानंतरही, जे काही केलं ते एकट्या पाटलांनी. पण नाव त्यांनी शेवटपर्यंत जोडीचंच लावलं. 22 मे 2021 ला नागपुरात ते वारले, तेव्हाही बातमी राम-लक्ष्मण यांची आली. म्हणजे आम्ही भाज्याच्या मांडवात ती गाणी वाजवत होतो तेव्हा नावातला अर्धा माणूस जाऊन तेरा वर्षं झाली होती, आणि हे आमच्या गावीही नव्हतं.

शंकर-जयकिशन जोडीतल्या शंकर यांनीही 1971 साली जयकिशन गेल्यावर जोडीचंच नाव चालू ठेवलं. तिथे असं म्हणता येतं की चाललेलं नाव बाजारात कोण मोडेल? राम-लक्ष्मणच्या बाबतीत हा हिशेब पुरत नाही. 1976 साली हिंदीत त्यांना कोण ओळखत होतं? त्यांचा पहिला हिंदी सिनेमा, 'एजंट विनोद', रामच्या मागून 1977 साली आला. पाटलांना विजय पाटील म्हणून नवी पाटी लावणं सहज शक्य होतं. त्यांनी ती का लावली नाही, यावर भावनेची बरीच भाषा करता येईल. मला मात्र यात साधा कामाचा प्रामाणिकपणा दिसतो. दोघांनी मिळून कान तयार केला की पुढे एकट्यानं बांधलेल्या चालीतही दुसऱ्याचं "हे नको, ते ठेव" चालूच राहतं. मग पाटीवरून एकाला उतरवायचं कसं?

आमची पार्टी कुणाच्या मरणानं मोडली नाही. डीजे आला. शिवाय 2000 सालच्या नियमांनी रात्री दहानंतर भोंगा बंद झाला आणि हळदीची खरी रंगायची वेळच गेली. मी तोवर पिंपरीच्या एका कारखान्यात लागलो होतो. त्यानं भातखाचरं सांभाळली आणि एक्स्प्रेसवेनंतर गावात बंगले उठले तेव्हा त्यातल्या एकाची राखण धरली. संध्याकाळी तो भजनात पखवाजावर बसू लागला. मळवली स्टेशनवर लोकलची वाट बघताना भेट व्हायची. बोलणं पाऊस, भाव, पोरांच्या नोकऱ्या यापलीकडे जायचं नाही. त्याच्या घरात काय चाललंय, दुखणं कधीपासून होतं, यातलं मला फारसं माहीत नसायचं. त्याला मित्र म्हणावं तर मित्राला माहीत असायला हवं ते माहीत नाही, आणि नुसती ओळख म्हणावी तर तो श्वास कुठे घेणार हे अंधारातही सांगता यायचं.

भाज्याची लेणी गावाच्या डोक्यावर, पण गावातला माणूस तिथे पाहुण्यांना घेऊनच जातो. आम्ही दोघंही एकदा असेच पाहुण्यांच्या एका लटांबराबरोबर पायऱ्या चढलो होतो. पाहुणे चैत्यगृहाच्या कमानीपाशी अडकले. छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत, त्या बघून कुणीही अडकतं. आम्ही पुढे स्तूपांच्या जागी गेलो. एकूण चौदा आहेत, पाच कातळाच्या छताखाली आणि नऊ उघड्यावर, पावसात झिजलेले. इथेच राहिलेल्या, इथेच वारलेल्या भिक्खूंची ती स्मारकं. ब्राह्मी अक्षरांत जी नावं वाचता आली ती तीन: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. पुढे स्थविर असल्याचा मान. आईबाप, गाव, काय केलं, काय शिकवलं, यातलं काही नाही. स्तूप करवून घेणाऱ्यांना ते ठाऊक असणार, कारण ते त्यांच्याच बरोबरचे. तरी त्यांना एवढंच कोरावंसं वाटलं. दशक्रियेच्या भाषणांनंतर मला हा आखूडपणा जास्तच पटायला लागला आहे.

दक्षिणेच्या टोकाच्या विहारात हत्तीवर बसलेल्या इंद्राचं शिल्प आहे. तो इंद्रच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्याच पटाच्या खालच्या बाजूला एक बाई दोन वाद्यांवर हात टाकून बसलेली आणि तिच्यासमोर दुसरी नाचतेय. तबला अमीर खुस्रोचा नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा आपला, हे ठासून सांगायला लोक हिला पुढे करतात. त्या दिवशीही एक गृहस्थ आपल्या मंडळींना तेच ऐकवत होते. माझ्या मते जोडवाद्यं जुनी आहेत एवढं हिच्यावरून ठरतं, तबल्याचा दाखला हिच्या हातात देणं जरा घाईचं. ढोलकीवाला त्या वादात पडलाच नाही. बराच वेळ बघून म्हणाला, "ही साथीला बसलीय. समोरचीच्या पायाकडं ध्यान आहे तिचं." शिल्प इतकं झिजलंय की तिचे डोळे कुठे वळलेत हे कुणी सांगू नये. पण बसणं बघून त्यानं ते सांगितलं आणि मी मान्य केलं. पन्नास ठिकाणी साथीला बसलेल्या माणसाला बसण्यावरून कळत असणार.

तेराव्यानंतर त्याचा थोरला आला. माळ्यावरची ढोलकी काढायची म्हणत होता. पनवेलकडच्या एका पार्टीनं विचारलं होतं. पितळी कडी काळी पडलेली, खोडावर आमच्या पार्टीचं नाव रंगानं लिहिलेलं, अर्धं उडालेलं. "काका, किती सांगू?" मी आकडा सांगितला. त्याला तो कमी वाटला, बापाची वस्तू म्हणून. मी म्हटलं, खोड चांगलं आहे, पण पुडी नवी घालावी लागेल, आणि शाईच्या बाजूच्या एका बोल्टचे आटे गेलेत. तो कुठला, हे तुझा बाप पाना न लावता बोटानंच धरून ठेवायचा म्हणून बाहेरच्याला कळायचं नाही. घेणाऱ्याला आधी सांगून टाक.