नदीचे चित्र आणि पाण्याचा रंग

सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी नदीला चित्राचा स्वतंत्र विषय केले, तरी यान व्हान खोयेनसारख्यांच्या चित्रांतील पाणी बहुधा तपकिरी-करड्या छटेतच राहिले. पाणी कोणत्या रंगाचे, हा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला तो १८६९ मध्ये, जेव्हा क्लोद मोने आणि ऑग्युस्त रन्वार यांनी पॅरिसजवळ सेन नदीच्या काठी एकच दृश्य रंगवताना पाण्याला स्वतःचा असा रंगच दिला नाही आणि आकाश, झाडे व होड्या यांचे तुटक आडवे फटकारे एवढ्यावरच ते उभे केले. वस्तूच्या ठाऊक असलेल्या रूपाऐवजी त्या क्षणीच्या प्रकाशात होणाऱ्या तिच्या प्रत्ययाला प्रमाण मानणारी ही दृष्टी पुढे दृक्प्रत्ययवाद म्हणून ओळखली गेली.

१८४१ मध्ये निघालेल्या धातूच्या रंगनळ्यांमुळे तैलरंग काठावर नेता येऊ लागले, हे या दृष्टीचे एक कारण. पण त्याहून महत्त्वाचा होता शव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये मांडलेला विचार, की शेजारशेजारचे रंग एकमेकांचे रूप बदलतात. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरचीचे देठ खुडण्याच्या जागी, लाल राशीलगतची करडी जमीन हिरवट भासते ती याच न्यायाने. म्हणून दृक्प्रत्ययवादी चित्रांतील सावल्या काळ्या नसून निळ्या-जांभळ्या असतात.

महाराष्ट्रात हा विचार रुजण्याची वाट वेगळी होती, कारण येथे नदी म्हणजे आधी तीर्थ आणि घाट, आणि पाण्याकडे केवळ प्रकाश म्हणून पाहण्यासाठी तो भाव क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी (मृत्यू १९३१) युरोपला न जाता कोटितीर्थाच्या परिसरात हे साधले, आणि बहुधा भाव न सोडताच साधले, हे त्यांचे मोठेपण पुरेसे सांगितले जात नाही. पुढे नाझी राजवटीमुळे मुंबईत आलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांच्या मोकळ्या रंगलेपनाने तरुणांना धीर दिला. त्यांपैकी सय्यद हैदर रझा नर्मदेच्या मंडला जिल्ह्यात जन्मले आणि नागपूरच्या चित्रशाळेत शिकले. मात्र १९५० मध्ये प्रत्यक्ष सेनकाठी पोहोचल्यावर ते हळूहळू दृश्याकडून बिंदूकडे वळले, जणू त्यांना क्षणापेक्षा टिकणारे काही हवे होते.

दृक्प्रत्ययवादी चित्र जवळून पाहिले तर फटकारे, काही पावले मागे सरून पाहिले तर पाणी, ही रसग्रहणाची पहिली पायरी झाली. दुसरी अशी, की फटकाऱ्यांची लांबी पाण्याच्या गतीशी ताडून पाहावी. भिवापूरजवळ गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात वैनगंगा संथ झाली आहे, आणि अशा पाण्यावर प्रतिबिंब तुटत नसल्याने तेथे १८६९ चे तुकडे कामी येणार नाहीत. तिला अधिक जवळची आहेत ती मोनेने १८९६-९७ मध्ये सेनच्या पहाटेवर रंगवलेली चित्रे, ज्यांत झाड आणि त्याची पाण्यातली छाया यांच्यामधली काठाची रेषा जवळजवळ विरून गेली आहे.