छोट्या भाषेचा टीव्ही

मालिकेचा एक भाग बनवायला येणारा खर्च देश लहान म्हणून कमी होत नाही. कॅमेरा, पटकथा, नट, संकलन यांना पैसे तितकेच लागतात. तो खर्च वाटून घ्यायला नॉर्वेत जेमतेम ५५ लाख माणसं आहेत, आइसलँडमध्ये चार लाखही नाहीत. नेटफ्लिक्स घरोघरी पोचल्यावर सार्वजनिक वाहिनी कशाला पोसायची, असं विचारणारे हे गणित विसरतात. नेटफ्लिक्सलाही नॉर्वेजियन मालिका हवी असते, पण जगात खपेल अशी. फक्त नॉर्वेच्या पोरांसाठी काही करावं, असं त्याला का वाटेल?

नॉर्वेची सार्वजनिक वाहिनी एनआरके, तिला २०१५मध्ये नेमकं तेच वाटलं. सोळा वर्षांच्या मुली टीव्हीकडे फिरकेनाशा झाल्या होत्या. लेखिका-दिग्दर्शिका यूलिए आंडेम हिनं देशभर हिंडून अशा मुलींशी बोलून घेतलं आणि मगच ओस्लोतल्या एका शाळेची गोष्ट रचली : ‘स्काम’. मंगळवारी सकाळी घडणारा प्रसंग मंगळवारी सकाळीच वेबसाइटवर यायचा. मधल्या वेळात पात्रांचे चॅट दिसायचे, इन्स्टाग्रामवर त्यांचे फोटो यायचे. आठवड्याचे तुकडे जोडून शुक्रवारी भाग तयार व्हायचा. जाहिरात मुद्दामच केली नाही. आईबापांना पत्ता लागला तर पोरं पळतील, ही भीती! इंग्रजी सबटायटलंही नव्हती. तरी परदेशातल्या चाहत्यांनी आपापली भाषांतरं करून मालिका इतकी पसरवली, की २०१७च्या सुरुवातीला एनआरकेला देशाबाहेरच्यांसाठी साइट बंद करावी लागली. कारण गाण्यांचे हक्क फक्त नॉर्वेपुरते घेतले होते. पुढे फ्रान्स, जर्मनी, इटलीपासून अमेरिकेपर्यंत तिच्या आवृत्त्या निघाल्या.

यातली वेबसाइट कुणालाही बनवता आली असती. महाग होती ती आधीची हिंडफिर, आणि कुणाला आवडेल याची खात्री नसताना त्यासाठी पैसे देण्याची तयारी. ती तयारी सार्वजनिक पैशातूनच येते, असं माझं मत आहे.

तो पैसा मात्र राजकारण्यांच्या हातात असतो. डेन्मार्कच्या डीआर या सार्वजनिक वाहिनीनं ‘बोर्गन’सारखी मालिका जगाला दिली, तरी २०१८च्या राजकीय करारात वाहिनीच्या निधीला पाच वर्षांत २० टक्के कात्री लागली आणि परवाना शुल्काच्या जागी कर आला. डीआर ३ आणि मुलांची डीआर अल्ट्रा प्रक्षेपणातून जाऊन नुसत्या इंटरनेटवर उरल्या. ‘बोर्गन’ २०२२मध्ये परतली ती नेटफ्लिक्सच्या भागीदारीत. परदेशातल्या टाळ्यांनी घरचं अंदाजपत्रक वाचत नाही.

त्याच करारातली दुसरी अट मला जास्त खटकते : डीआरनं आपल्या साइटवर लांबलचक लेख कमी छापावेत. खासगी वृत्तपत्रांची तक्रार होती, की फुकट वाचायला मिळालं तर आमची वर्गणी कोण भरणार? तक्रार खोटी नाही. एवढ्याशा देशात वर्गणीदार मोजकेच. पण वृत्तपत्रांना जगवायला डेन्मार्क सरकार वर्षानुवर्षं थेट अनुदान देत आलं आहे, ते हवं तर वाढवावं. फोनवरच बातमी वाचणाऱ्या पिढीसाठी सार्वजनिक संस्थेला ‘दाखवा, पण लिहू नका’ असं बजावलं, तर तो वाचक वृत्तपत्राची वर्गणी भरण्याऐवजी फेसबुकवर जाण्याचीच शक्यता मला अधिक दिसते.