‘होय’ म्हणणारा मुलगा



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दोन मुलांची गोष्ट सांगतो (मत्तय २१:२८-३२). वडिलांनी दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितले. एकाने तोंडावर नकार दिला, पण नंतर त्याला पस्तावा झाला आणि तो गेला. दुसऱ्याने अदबीने होकार दिला आणि तो गेलाच नाही. प्रभूने ही गोष्ट मुख्य याजक आणि वडीलजनांना ऐकवली. त्यांच्या ओठी देवाचे नाव होते आणि हाती अधिकार होता. म्हणून आज आपण राज्यकर्त्यांच्या श्रद्धेविषयी थोडा विचार करू या. स्वतःला देवभक्त म्हणवणारा नेता आपल्या देशाच्या सीमेपलीकडे कसा वागतो?

डिसेंबर १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या असलेल्या जॉर्ज बुश यांना एका वादसभेत त्यांचा आवडता तत्त्वज्ञ विचारण्यात आला. त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले. ख्रिस्ताने आपले हृदय पालटले, असे कारणही त्यांनी दिले. याला ढोंग म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. २८ जानेवारी २००३ रोजी संसदेपुढे केलेल्या भाषणात त्यांनी आफ्रिका व कॅरिबियन देशांतील एड्सग्रस्तांसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलरची योजना मांडली. त्या योजनेमुळे लाखो लोकांचे प्राण वाचले. हे श्रद्धेचेच फळ होते, असे आपण मोकळ्या मनाने म्हणू या.

पण त्याच भाषणात त्यांनी इराकविरुद्ध युद्धाची तयारीही मांडली होती. त्या वर्षी राखेचा बुधवार ५ मार्चला आला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या दिवशी शांतीसाठी उपवास आणि प्रार्थना करण्याचे आवाहन केले. त्याच दिवशी त्यांनी पाठवलेले कार्डिनल पिओ लागी व्हाइट हाउसमध्ये बुश यांना भेटले आणि त्यांनी युद्ध टाळण्याची विनंती केली. दोन आठवड्यांनी, २० मार्चला, बगदादवर बॉम्ब पडू लागले.

दुसऱ्या बाजूलाही देवाचे नाव होतेच. सद्दाम हुसेन यांनी १९९१ साली इराकच्या झेंड्यावर ईश्वराच्या थोरवीचे शब्द लिहून घेतले. त्याआधी तीनच वर्षे, १९८८ साली, त्यांच्याच सैन्याने हलबजा गावात विषारी वायू सोडून हजारो कुर्दांना मारले होते. त्यांचे उपपंतप्रधान तारिक अझीझ हे खाल्डियन कॅथलिक कुटुंबातले. फेब्रुवारी २००३ मध्ये ते पोप महोदयांना भेटले आणि असिसीला जाऊन संत फ्रान्सिसच्या कबरीपाशी प्रार्थनाही केली. परंतु अशा राजवटीची त्यांनी वर्षानुवर्षे चाकरी केली होती.

कोणी म्हणेल, अशा क्रूर राजवटीपुढे हात बांधून बसणे हेही पाप नव्हे का? प्रश्न खरा आहे. निरपराधांचे रक्षण करण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांवर असते, हे ख्रिस्तसभा नाकारत नाही. म्हणूनच संत ऑगस्टिनच्या काळापासून ख्रिस्तसभेने काही कसोट्या घालून दिल्या आहेत. होणारे नुकसान गंभीर, टिकून राहणारे आणि निश्चित असावे. बाकीचे सारे उपाय थकलेले असावेत. यशाची वाजवी आशा असावी. आणि शस्त्रांमुळे मूळ दुष्टाईपेक्षा मोठी दुष्टाई उद्‍भवू नये.

या कसोट्या लावून पाहू या. ज्या संहारक शस्त्रांच्या साठ्यांसाठी युद्ध झाले ते साठे सापडले नाहीत. ब्रिटनमधील चिलकॉट चौकशी समितीने जुलै २०१६ मध्ये निष्कर्ष काढला की, शांततेचे मार्ग संपलेले नव्हते, युद्ध हा शेवटचा उपाय नव्हता. एक लाखाहून अधिक सामान्य इराकी नागरिक या हिंसाचारात मेले. त्यांतले बहुतेक मुसलमान होते, आणि तेही त्याच पित्याची लेकरे.

अब्राहामाच्या भूमीतील प्राचीन ख्रिस्ती समाजाचीही वाताहत झाली. मोसुलचे आर्चबिशप पौलोस फराज राहो यांचे २००८ साली अपहरण झाले आणि त्यांचा मृतदेहच हाती आला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादमधील एका चर्चमध्ये मिस्सा चालू असताना हल्ला झाला. पन्नासहून अधिक माणसे ठार झाली, त्यांत दोन धर्मगुरू होते. मार्च २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मोसुलच्या पडक्या चर्चच्या चौकात उभे राहून प्रार्थना केली, तेव्हा तेथील ख्रिस्ती जनता थोडीच उरली होती.

या युद्धात बुश यांच्या खांद्याला खांदा लावून उभे असलेले ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर डिसेंबर २००७ मध्ये कॅथलिक झाले. चिलकॉट अहवालानंतर त्यांनी दुःख व्यक्त केले, क्षमाही मागितली. मात्र पुन्हा तशीच वेळ आली तर तोच निर्णय घेऊ, असेही ते म्हणाले. त्यांच्या अंतःकरणाचा न्याय देव करील. पण गोष्टीतला पहिला मुलगा नुसता हळहळला नाही, तो उठून मळ्यात गेला, हे आपण विसरू नये.

आणि आपण? २००३ च्या त्या राखेच्या बुधवारी आपणही कपाळावर राख लावून घेतली आणि शांतीसाठी प्रार्थना केली. दोन आठवड्यांनी आपण तेच युद्ध टीव्हीवर क्रिकेटचा सामना पाहावा तसे पाहत होतो. आखातात कामाला असलेल्या आपल्या माणसांची काळजी केली, ते योग्यच होते. पण बगदादमधल्या आईची काळजी आपल्यापैकी किती जणांनी केली?

आपल्या प्रत्येकाचे एक परराष्ट्र धोरण असते. ते आपल्या कुंपणापाशी सुरू होते. बांधावरून अबोला धरलेला शेजारी, भावकीतला जुना तंटा, दुसऱ्या धर्माचा वा दुसऱ्या प्रांतातला भाडेकरू, या सर्वांशी आपण कसे वागतो? घरात रोझरी आणि कुंपणापलीकडे वैर, असे असेल तर आपणही त्या दुसऱ्या मुलाचेच भाऊ. निवडणुकीच्या वेळी नेता कोणत्या मंदिरात, मशिदीत किंवा चर्चमध्ये गेला, एवढेच आपण पाहतो. परक्या माणसाच्या जिवाची त्याला किती किंमत आहे, हेही विचारू या.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक रोझरी राज्यकर्त्यांसाठी म्हणावी. आणि रोझरी संपल्यावर एकदा शेजाऱ्याच्या दारी जाऊन यावे.

हे प्रभो, आमचा ‘होय’ आमच्या पावलांपर्यंत पोहोचू दे. आमेन.