अतिथीची तिथि

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची व्युत्पत्ति आपले पंडित सांगत आले आहेत. आणि एकच रात्र राहणाऱ्यास हें नांव द्यावें, अशी मर्यादाही स्मृतिकारांनीं घालून ठेविली आहे. आज परदेशीं जाणाऱ्या मनुष्याच्या पासपोर्टावर व्हिसाचा जो शिक्का बसतो, त्यांत येण्याची मुदत, राहण्याचे दिवस आणि येण्याचा हेतु हीं सारीं आगाऊ लिहिलेलीं असतात. ज्याची तिथि आधीं लिहून घेतली आहे त्यालाच काय तो अतिथि समजावयाचें, असा हा व्यवहार आहे. तो न्याय्य आहे कीं काय, एवढाच प्रश्न येथें विचारास घेतला आहे.

परवान्याची कल्पना कांहीं कालपरवांची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत मुद्राध्यक्ष नांवाचा अधिकारीच नेमलेला आहे. एक माषक घेऊन त्यानें मुद्रा द्यावी, आणि मुद्रेवांचून जनपदांत ये-जा करणाऱ्यास दंड करावा, असें तेथें सांगितलें आहे. उलट १९१४ पूर्वींच्या युरोपांत, रशिया व तुर्कस्तान वगळल्यास, बहुतेक ठिकाणीं पासपोर्टावांचून फिरतां येत असे. पहिल्या महायुद्धानें तो मोकळेपणा संपविला. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें परिषद भरली. तिनें पासपोर्टाचा नमुना ठरवून दिला, त्याचीं पानें ३२ असावींत असें ठरविलें, आणि हीं सर्व बंधनें पुढें समूळ नाहींशीं व्हावींत अशी आशाही प्रकट केली. पानें राहिलीं, आशा त्यांतील कोणत्या पानावर नोंदविली होती, हें आतां शोधावें लागेल.

राज्यानें आपलें दार सताड उघडें टाकावें, असें प्रस्तुत लेखकाचें म्हणणें नाहीं. या विषयाचा सर्वांत नेटका विचार केला तो कोनिग्सबर्गच्या कांटनें. जन्मांत आपल्या प्रांताबाहेर सहसा न पडलेल्या मनुष्यानें प्रवाशांच्या हक्कांबद्दल लिहावें, ही एक मौजच आहे. १७९५ सालीं शाश्वत शांततेवर लिहिलेल्या निबंधांत तो म्हणतो कीं, पृथ्वी वाटोळी असल्यामुळें माणसांना तिच्यावर अमर्याद पसरतां येत नाहीं, शेवटीं एकमेकांच्या शेजाराला राहणें त्यांना भागच आहे. यासाठीं परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्यास शत्रूसारखें वागविलें जाऊं नये, आणि हा त्याचा हक्क आहे, कोणाची दया नव्हे. मात्र हा हक्क भेटीस येण्याचा. घरांत बिऱ्हाड थाटण्याचा नव्हे. व्यापाराच्या मिषानें आलेल्या युरोपीयांनीं हिंदुस्थानांत काय केलें, हें कांटला ठाऊक होतें. चीन व जपान यांनीं अशा पाहुण्यांस दारांतच थोपविलें तें शहाणपणाचें झालें, असें तो स्वच्छ सांगतो. वखारीपुरती जागा मागत आलेल्यांस ओळखणाऱ्या आपल्या लोकांना हें निराळें पटवून द्यावयास नको.

पण याच विवेचनांत त्यानें एक अट घातली आहे. परक्यास परत लावतां येईल. मात्र त्यामुळें त्याचा नाश ओढवणार नसेल तरच. सारा प्रश्न या अटीपाशीं येऊन ठेपतो.

१९३९ च्या मे महिन्यांत सेंट लुई नांवाचें जहाज हँबुर्गहून ९३७ उतारू घेऊन क्यूबाकडे निघालें. त्यांतील बहुतेक सारे जर्मनीच्या जाचांतून सुटूं पाहणारे यहुदी होते. यहुदी म्हणून सहज ओळखूं यावें यासाठीं अशा लोकांच्या पासपोर्टांवर जर्मन सरकारनें आदल्याच वर्षीं एक तांबडें अक्षर छापावयास आरंभ केला होता. रक्षणासाठीं दिलेला कागदच चहाडी करूं लागला. क्यूबांत उतरण्याचे परवाने बहुतेकांपाशीं होते. तेथील एका अधिकाऱ्यानें ते पैसे घेऊन विकले होते, आणि जहाज निघण्यापूर्वींच ते रद्द ठरले होते. हवानाला तिसांहूनही कमी लोक उतरूं शकले. अमेरिकेनें उत्तर दिलें कीं, यादींत आपला क्रमांक येईपर्यंत थांबावें. जहाज माघारीं फिरलें. चार देशांनीं उतारू वांटून घेतले खरे, पण त्यांतील २५४ जण पुढें नाझींच्या संहारांत मेले. त्यांना नकार देणाऱ्यांना आपण नियमाबाहेर कांहीं केलें असें म्हणवत नव्हतें.

दुसऱ्या वर्षीं, कांटच्या गांवापासून फारसें दूर नसलेल्या लिथुआनियांतील कौनास शहरीं याच्या अगदीं उलट प्रकार घडला. पोलंडमधून पळून आलेले यहुदी तेथें अडकून पडले होते आणि देश नुकताच सोव्हिएट सैन्याच्या ताब्यांत गेला होता. तेथील डच वकिलातीचें काम तात्पुरतें पाहणारा यान झ्वार्टेंडाइक हा मूळचा फिलिप्स कंपनीचा माणूस. कुरासाव या डच बेटावर जाण्यास व्हिसा लागत नाहीं, असा शेरा तो निर्वासितांच्या कागदांवर लिहून देऊं लागला. शेऱ्यांतील अक्षर न् अक्षर खरें होतें. बेटावर उतरण्यास गव्हर्नरची परवानगी मात्र लागते, एवढें तो लिहीत नसे. त्या शेऱ्याच्या आधारावर जपानचा वकील चिउने सुगिहारा यानें जपानमधून पुढें जाण्याचे दोन हजारांहून अधिक व्हिसे स्वहस्तें लिहून दिले. पुढील देशाचा पक्का परवाना व पुरेसे पैसे असल्यावांचून व्हिसा देऊं नये, असा टोकियोचा हुकूम होता. कुरासावला कोणीही जाणार नाहीं, हें सर्वांस कळत होतें.

हें असत्य नव्हे काय? खुनी मनुष्यापाशींही खोटें बोलूं नये, असें १७९७ मध्यें निक्षून सांगणारा कांट येथें आपल्याच दुसऱ्या वचनाच्या पेचांत सांपडतो. महाभारतकारांस हा पेच पडला नाहीं. लोक कोठें लपले आहेत हें चोरांस खरें सांगणारा कौशिक नरकास गेला, ही कर्णपर्वांतील कथा सर्वश्रुत आहे. मीही कौशिकाच्या बाजूचा नाहीं. तरीपण एक अडचण उरतेच. हवानाच्या अधिकाऱ्यानें नियमाबाहेर परवाने दिले, सुगिहारानेंही दिले. कागदावर दोन्ही शिक्के सारखेच दिसतात. एकानें लोभानें दिले व दुसऱ्यानें करुणेनें, हें शिक्क्यावरून कसें ओळखावें? प्रत्येक अधिकाऱ्यास आपल्या विवेकाप्रमाणें वागूं दिलें तर पहिल्या प्रकारचे अधिकारी अधिक निघतील, अशी राज्यकर्त्यांची भीति अगदींच खोटी नाहीं. माझ्या मतें फरक किंमत कोण देतो यांत आहे. हवानांत ती उतारूंनीं दिली. सुगिहारास पुढें १९४७ मध्यें नोकरी सोडावी लागली. कारण नोकरकपातीचें सांगण्यांत आलें.

या अनुभवांतूनच १९५१ चा निर्वासितांसंबंधींचा करार झाला. जिवाला धोका आहे अशा मनुष्यास त्या धोक्याकडे परत लोटूं नये, आणि संकटांतून थेट आलेल्यानें परवान्यावांचून प्रवेश केला म्हणून त्यास शिक्षा करूं नये, असें त्यांत ठरलें. कांटची अट कायद्यांत आली असें म्हणावयास हरकत नाहीं. (तिबेटी व सिंहली बेटावरील तमिळ निर्वासितांस आश्रय देऊनही आपला देश या करारांत सामील झालेला नाहीं, हा एक स्वतंत्र विषय आहे.) परंतु हा करार दाराशीं आलेल्या मनुष्यासाठीं आहे, आणि राज्यांनीं दारच उचलून पाहुण्याच्या अंगणांत नेऊन बसविलें आहे. व्हिसा नसलेला उतारू आणल्यास विमान कंपनीस दंड, असे कायदे इंग्लंडनें १९८७ मध्यें व पुढें युरोपांतील इतर राष्ट्रांनींही केले. त्यामुळें निर्वासिताची परीक्षा आतां त्याच्याच देशाच्या विमानतळावर होते. तेथें सुगिहाराची गांठ पडण्याचीही सोय नाहीं. कारण खिडकीपलीकडे बसलेला मनुष्य कोणत्याच राज्याचा अधिकारी नसून कंपनीचा नोकर असतो, आणि रांगेंतील पुढच्या उतारूस त्याला हांक मारावयाची असते.