लेखणी खाली ठेवताना

वाचकहो, या अंकानंतर हे सदर मी लिहिणार नाही. अकरा वर्षे आपण ते वाचलेत, चुका कळवल्यात, क्वचित रागावून पत्रेही धाडलीत. म्हणून या निर्णयामागचा विचार आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते.

गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या हक्कांवर लेख लिहीत होतो. इशाच्या नमाजनंतर मोहल्ल्यातील एक तरुण माझ्या खोलीच्या दाराशी आला. त्याचे वडील नुकतेच वारले होते. गुस्ल कोण देणार, कफनाला कापड किती लागते, त्याला काहीच ठाऊक नव्हते. मी त्याला बसायला सांगितले आणि हातातला परिच्छेद पूर्ण केला. दहा मिनिटे गेली असतील. पुढे तो परिच्छेद छापून आला, काहींनी त्याची प्रशंसाही केली. त्या तरुणाने कधी तक्रार केली नाही, आणि तेच मला अधिक सलते.

तेव्हापासून मी स्वतःवर लक्ष ठेवू लागलो. तिलावत करताना ही आयत कोणत्या लेखात शोभेल, हा विचार अर्थाच्या आधी मनात येई. महाविद्यालयात मराठी शिकताना शब्दांचा जो लळा लागला, तो आता मुसल्ल्यावरही माझ्या आधी येऊन बसत होता.

सहीह मुस्लिममधील एक हदीस आपण ऐकली असेल. कयामतच्या दिवशी ज्यांचा निवाडा सर्वप्रथम होईल, त्यांत एक विद्वान आहे. लोकांनी आलिम म्हणावे म्हणून तो शिकला, आणि लोकांनी तसे म्हटलेही. मला भय वाटते ते या उत्तरार्धाचे. त्याची मजुरी जगातच चुकती झाली.

इमाम गझाली (रह.) हिजरी 488 मध्ये, म्हणजे इ.स. 1095 साली, बगदादच्या निजामिया मदरशात शिकवत होते. आपली निय्यत तपासली तेव्हा त्यांना तिच्यात कीर्तीची ओढ आढळली. सुमारे सहा महिने जावे की राहावे, या द्विधेत गेले. अखेर वर्गात जिभेतून शब्द फुटेना, घास गिळवेना. त्यांनी बगदाद सोडले. पण त्यांचा दाखला माझ्या बाजूने पूर्ण उभा राहत नाही, हे कबूल केले पाहिजे. त्यांनी अध्यापन थांबवले, लेखन नव्हे. ‘इह्या’ त्याच एकांताच्या वर्षांतील, आणि हिजरी 499 मध्ये ते नैशापूरला पुन्हा शिकवू लागले.

आपल्यातील एका भगिनीचे पत्रही माझ्याविरुद्ध साक्ष देते. त्यांच्या घरी उर्दू कोणालाच वाचता येत नाही. जेवणानंतर हेच पान मोठ्याने वाचले जाते. माणसामागे उरणाऱ्या तीन गोष्टींत लाभदायक ज्ञान आहे, हे मिंबरवरून सांगणारा मी त्यांना काय उत्तर देणार? एका मित्राने सुचवले, नावाशिवाय लिहा. दोनदा तसे करून पाहिले. अंक हाती येताच ते निनावी पान मी सर्वात आधी उघडले!

फुजैल बिन इयाज (रह.) यांनी तर पळवाटच बुजवली आहे. लोकांसाठी केलेले कृत्य दूषित आहेच, पण लोकांसाठी सोडलेले कृत्यही त्यांच्या मते रियाच. निरोपाचा लेख हा तर दिखाव्याला उत्तम मुहूर्त. (याची पहिली ओळ मी चारदा लिहिली.) म्हणजे थांबल्याने माझी निय्यत शुद्ध होईल, असा दावा मी करू शकत नाही. एवढेच म्हणू शकतो की दार वाजेल तेव्हा हातात अर्धा परिच्छेद नसेल. हे कारण लहान आहे, पण मला तपासता येते. उद्या तेही खोटे ठरले, तर मी पुन्हा लिहू लागेन. तोवर त्या भगिनीचे ऋण माझ्यावर राहील.

दर रविवारी असरनंतर मशिदीत गुस्ल आणि कफन शिकवायला सुरुवात केली आहे. सात-आठ जण येतात. तो तरुणही येतो. गेल्या रविवारी त्याने पुरुषाच्या कफनाची तिन्ही कापडे क्रमाने अंथरली, आधी लिफाफा, मग इजार, वर कमीस, आणि मला विचारले की त्या रात्री इजार तुम्ही थोडी आखूड कापली होती का. कापली होती.