मुद्दलाला हात न लावता

मुलाला एखाद्या गोष्टीचं वेड लागतं ते येतं कुठून, आणि आलं की आईबापांनी त्याचं करायचं काय? हे दोन प्रश्न मला वेगळे काढता येत नाहीत. आमच्या घरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर सासूबाईंकडे तयार असतं. त्यांचं माहेर वारकऱ्यांचं. चातुर्मासात ज्ञानेश्वरीच्या पारायणाची रोजची बैठक चुकत नाही. सहाव्या अध्यायात योगभ्रष्टाचं प्रकरण येतं: ज्याची साधना अर्ध्यावर राहिली, तो पुन्हा चांगल्या घरी जन्म घेतो आणि आधीच्या जन्मी जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. ज्ञानदेव सांगतात की अशा मुलाकडे जाण यायला वयाची अट नसते. थोरली काही विशेष बोलली की सासूबाई माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "हे तू शिकवलेलं नाहीस गं. ती घेऊनच आलीये."

माझ्या नवऱ्याला हे पटत नाही. त्याच्या मते आम्ही बोरिवलीत, राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहतो म्हणून पोरगी किड्यामुंग्यांच्या मागे लागली. घाटकोपरला गाळ्यावर राहत असतो तर हिशेबात रमली असती. दोघांचंही म्हणणं मी वर्षानुवर्षं ऐकत आले. 2024च्या शरदात, कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतच्या महिन्यात, मला यातलं काहीतरी नीट उलगडायला लागलं. शाळेची सुट्टी त्याहून कमीच असते, पण सहामाही संपली की आमच्या घरात सुट्टी सुरू झाली असंच धरतात.

गॅलरीच्या ग्रिलमध्ये कढीपत्त्याची कुंडी आहे. कोजागिरीच्या सुमारास थोरलीला तिच्या पानांवर पक्ष्यांची विष्ठा पडल्यासारखे काळेपांढरे ठिपके दिसले. तिने बोट लावलं तर ठिपका हलला. लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या लहानपणी अशाच दिसतात. कुणी खाऊ नये म्हणून हे सोंग. मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात, आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर काढतात. त्याचा वास इतका उग्र की धाकट्याने नाक दाबून खोली सोडली. थोरली मात्र तासन्‌तास कुंडीपाशी. अळी पान कसं कुरतडते, तर कडेपासून, डोकं वरून खाली नेत, पुन्हा वर येत. हे तिने मला दाखवलं तेव्हा मी या झाडाची पानं इतकी वर्षं तोडत असूनही पहिल्यांदाच ते झाड पाहिलं.

दिवाळी तोंडावर आली आणि चिवडा करायची वेळ झाली. सासूबाई कात्री घेऊन गॅलरीत गेल्या. थोरली कुंडीला पाठ लावून उभी राहिली. तिचं म्हणणं एवढंच, की बाजारात कढीपत्ता दहा रुपयांना जुडी मिळतो, अळीला दुसरं झाड कुठून मिळणार? सासूबाईंनी कात्री ठेवून दिली. चातुर्मासात जिवाला जपावं हे त्यांनीच तिला शिकवलेलं होतं, त्यामुळे त्यांना वाद घालता येईना. चिवड्यात बाजारचा कढीपत्ता पडला.

धाकट्याचं वेगळंच. दर दिवाळीत सोसायटीची पोरं जिन्याखाली किल्ला करतात. गोणपाट, विटा, माती, वर पेरलेले हळीव, बाजारातून आणलेले मावळे. यंदा त्याला मावळ्यांत रस नव्हता. त्याला किल्ल्यावर पाणी साठवायचं होतं. गडावर दिवाळीनंतर पाऊस नसतो मग माणसं आठ महिने काय पीत होती, हा त्याचा प्रश्न. त्याने प्लास्टिकच्या डब्या मातीत पुरल्या, उतार काढले, आणि मग्ग्याने पाणी ओतून बघत बसला. बुरूज दोनदा ढासळला. बाकीची पोरं वैतागली, हा नाही.

आता एकीला अळ्या आणि एकाला पाणी, यात गेल्या जन्मीचं काय असेल ते मला ठाऊक नाही. पण पाण्याच्या प्रश्नापायीच आम्ही पाडव्यानंतर कान्हेरीच्या लेण्यांकडे गेलो. उद्यानाच्या फाटकातून बसने वर. त्या वर्षी जंगलात कारवी फुलली होती. कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, 2016नंतर ती 2024लाच. आम्ही गेलो तेव्हा बहर ओसरत आला होता, तरी उतारावर जांभळी झाक होती. थोरलीने लगेच हिशेब मांडला, की पुढच्या वेळी, 2032ला, ती वीस वर्षांची असेल. मागच्या बहराच्या वेळी ती बालवाडीत होती आणि तिला काहीही आठवत नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटलं.

कान्हेरीत शंभरावर लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं खोदली गेलेली. लोक तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य बघतात, तिथले उंच खांब बघतात आणि उतरतात. धाकट्याने आम्हांला खांबांपाशी उभं राहू दिलं नाही. जवळजवळ प्रत्येक विहाराच्या दाराशी कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. डोंगरउतारावर पन्हळी खोदून पावसाचं पाणी त्यात उतरवलेलं. शिलालेखांत टाक्याला पोढी म्हटलं आहे. तो पालथा पडून एका पन्हळीच्या तोंडात हात घालून उतार मोजत होता. जिन्याखालच्या मातीत जे जमलं नव्हतं ते इथे कातळात उतरलेलं त्याला सापडलं.

मी मात्र लेखांपाशी थांबले. ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण त्यांत काय आहे हे वाचलेलं होतं. कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी, गृहस्थ, त्यांच्या बायका, भिक्षुणी यांनी कुणी लेणं दिलं, कुणी टाकं, कुणी बसायचा ओटा. आणि बरोबर अक्षयनीवी. म्हणजे कायमची ठेव. मुद्दल तसंच ठेवायचं, त्याच्या व्याजातून पावसाळा इथे काढणाऱ्या भिक्षूला चीवर मिळायचं. एका लेखात संघाला दिलेल्या शेताचं गाव मंगलथान असं आहे. ते आजचं मागाठाणे असावं असं अभ्यासक मानतात. मी रोज मेट्रोने मागाठाण्यावरून जाते, आणि एका पतसंस्थेत ठेवींच्या पावत्या करण्याचंच काम करते. त्यामुळे हे दान मला परकं वाटलंच नाही.

आम्ही गेलो त्या महिन्याचाही या दानाशी संबंध होता. भिक्षूंचा वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, आणि तिथून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतचा महिना हा उपासकांनी चीवर देण्याचा. म्हणजे आमच्या मुलांच्या सुट्टीचा जो महिना, तोच खाली कल्याण-सोपाऱ्याच्या माणसांचा द्यायचा महिना.

कान्हेरीच्या पायऱ्यांवर बसून मला जे दिसलं ते असं. दान देणाऱ्या व्यापाऱ्याने भिक्षूला निवारा दिला, पाणी दिलं, वस्त्र दिलं. आत बसून त्याने काय चिंतन करावं, किती दिवसांत कुठे पोचावं, हे लेखात कुठेही लिहिलेलं नाही. आणि मुद्दलाला हात लावायचा नाही ही अट देणाऱ्यानेच घातलेली. मुलाचा स्वभाव हे मुद्दल आहे असं मला वाटतं. ते कुठून आलं, गेल्या जन्मातून, रक्तातून, की उद्यानाच्या भिंतीमुळे, याचा निकाल लागला नाही तरी माझं काम अडत नाही. ते मोडून आज खर्च करायचं नाही एवढं नक्की करता येतं. हौस दिसली की लगेच क्लास लावायचा, स्पर्धेला बसवायचं, पाहुण्यांपुढे म्हणून दाखवायला लावायचं, हे सगळं मला मुद्दल मोडणं वाटतं.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यात स्वधर्माबद्दल त्यांचं सांगणं असं आहे, की तो शोधत हिंडावा लागत नाही. तो आपल्याआधीच आपल्यासाठी हजर असतो, जसे आईबाप, जसा शेजार. मला हे फार खरं वाटतं, पण आईबापांच्या बाजूने. ही दोन मुलं माझ्या पदरात आली, मी निवडली नाहीत, म्हणून तीच माझा स्वधर्म. मुलीच्या बाजूने मात्र मला अडचण पडते. तिला अळ्या आवडतात. निव्वळ आवडण्याला धर्म म्हणता येईल का? गोड खायलाही तिला आवडतं.

याचं उत्तर मला कार्तिकी एकादशीला मिळालं. एका अळीच्या कोषातून भाऊबीजेच्या आसपास फुलपाखरू निघून गेलं होतं. घरभर आनंद. दुसरा कोष ग्रिलला रेशमी धाग्याचा कमरपट्टा बांधून तसाच होता. फुलपाखरू बाहेर यायच्या आधी कोष गडद होतो आणि आतल्या पंखांची नक्षी दिसू लागते. इथे कोष नुसता तपकिरी होत गेला. एकादशीच्या सकाळी त्याला सुईने पाडल्यासारखं बारीक भोक दिसलं आणि त्यातून एकामागून एक काळपट हिरव्या, चमकणाऱ्या, दोन-तीन मिलिमीटरच्या गांधीलमाश्या बाहेर आल्या. त्यांच्या आईने कोष ताजा, मऊ असताना त्यात अंडी घातली होती. पिलांनी आतून सगळं खाल्लं.

थोरली खूप रडली. माश्या मारून टाक असं ती मला म्हणाली. सासूबाई उपासाच्या भगरीची तयारी सोडून आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "चिवड्याच्या दिवशी तू कुंडीला पाठ लावून उभी राहिलीस ती जिवासाठी, की फुलपाखरासाठी?" बारा वर्षांच्या मुलीला इतका कठीण प्रश्न विचारावा का, असं क्षणभर माझ्या मनात आलं. थोरलीने उत्तर दिलं नाही. दुपारी ती भिंग घेऊन कोषापाशी बसलेली दिसली. एक माशी तिने पांढऱ्या कागदावर घेतली होती आणि तिच्या मिशांचं चित्र काढत होती. डोळे अजून सुजलेले होते.

तो दिवस पक्षितज्ज्ञ सालिम अलींचाही जन्मदिवस, 12 नोव्हेंबर. 1896 साली मुंबईत जन्मलेले, लहानपणीच पोरके झालेले, मामाकडे वाढलेले. त्यांनी पोरवयात छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कुठली चिमणी, ते मामांना, अमीरुद्दीन तय्यबजींना, सांगता येईना. मामांनी चिठ्ठी देऊन भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. 1908ची गोष्ट. मिलार्ड यांनी मुलाला परत न पाठवता पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले. पुढे सालिम अलींनी आत्मचरित्राला त्या चिमणीचंच नाव दिलं. या गोष्टीत मला मामा फार मोठे वाटतात. ते स्वतः शिकारी होते. भाच्याला शाबासकी देऊन थांबू शकले असते, रागावू शकले असते. त्यांनी चिठ्ठी लिहिली.

आणि त्या मुलाची ओढ सुरू झाली ती मारण्याच्या हौसेतून. जे आपल्या हौसेला सोयीचं नव्हतं, त्या पिवळ्या डागाकडेही तो बघत राहिला. थोरलीच्या कागदावरची माशी बघून मला तसंच वाटलं. आवडतं ते बघणं ही अजून हौसच. जे आवडत नाही, ज्याने रडवलं, तेही त्याच गोष्टीचा भाग म्हणून बघायला माणूस बसतं, तेव्हा ती गोष्ट त्याच्या गळ्यात पडलेली असते, विनोबा म्हणतात तशी. ज्ञानदेव तिसऱ्या अध्यायात विचारतात, दुसऱ्यांचे सुंदर वाडे बघून आपलं गवताचं घर मोडायचं का? लहानपणी मी ते गरिबीत समाधान मानण्याबद्दल समजत होते. आता वाटतं, ते घर आपलं का, तर त्याचं गळणंही आपल्यालाच सोसायचं असतं म्हणून.

सासूबाईंचं मत बदललेलं नाही. उलट माश्यांनी ते पक्कं केलं. एवढ्याशा जिवाला नेमका मऊ कोष कसा कळला, हा गेल्या जन्मीचा संस्कार नाही तर काय, असं त्या म्हणतात. मला ते मान्य नाही, आणि आमचं रोज पटत नाही.

कान्हेरीच्या दात्यांची एक गोष्ट मात्र मला अजून साधलेली नाही. त्यांनाही फळ हवं होतं, पुण्य हवं होतं, आणि ते त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. पण कितीतरी लेखांत ते पुण्य आईवडिलांना, किंवा सगळ्या जीवांच्या हितसुखाला दिलेलं आहे. मला थोरलीकडून काय हवं असतं ते अजून बरंचसं माझ्यासाठी आणि तिच्यासाठीच असतं: चांगले गुण, चांगलं कॉलेज, पायावर उभं राहणं. ते मी सोडलेलं नाही, आणि सोडायला हवं असंही मला वाटत नाही. आठवीच्या शिष्यवृत्तीसाठी तिला डिसेंबरपासून शिकवणी लावली आहे. तिने हो म्हटलं, एका अटीवर: रविवारी सकाळी जादा तास असले तरी ती जाणार नाही, कारण त्या वेळी तिला उद्यानात जायचं असतं. शिकवणीच्या बाईंना मी तसं सांगून आले आहे. धाकटाही रविवारी बरोबर जातो, ओढ्यात पाणी किती उरलं ते बघायला.