हरवलेल्या खेळाची वर्गणी

गेल्या मे महिन्यात रविवारची मिस्सा आटोपल्यावर आमच्या परिचयातील एका तरुण गृहस्थाने चर्चच्या पायऱ्यांवर आम्हांस थांबवले. "काका, हसणार नसाल तर एक विचारतो," तो म्हणाला. त्याचा प्रश्न ऐकल्यावर हसू आले नाही. उलट तो कित्येक दिवस मनात घोळत राहिला.

लहानपणी रत्नागिरीच्या घरी, टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर, तो चुलतभावासोबत एक व्हिडिओ गेम खेळत असे. त्या खेळाच्या मूळ कर्त्याने आता तशाच धाटणीचा नवा खेळ करण्याचे योजले असून त्यासाठी जगभरच्या चाहत्यांकडे वर्गणी मागितली आहे. "तीन हजार द्यावेत असं मनात आहे. खेळ अजून झालेला नाही, होईलच याची खात्री नाही. घरात दोन मुलं, डोक्यावर कर्जाचा हप्ता. देऊ की नको?"

वाचकहो, अशी वर्गणी आता नवलाईची राहिलेली नाही. किकस्टार्टर ही अमेरिकन व्यवस्था २००९ साली सुरू झाली. कर्ता आपली योजना व लागणारी रक्कम जाहीर करतो. मुदतीत तेवढी रक्कम जमली तरच लोकांकडून पैसे घेतले जातात. जुन्या खेळाचे नाव बहुधा कंपनीच्या मालकीचे असते. तेथून बाहेर पडलेल्या कर्त्याजवळ त्याचे कसब तेवढे उरते. म्हणून तो नवे नाव घेऊन जुन्याचा आत्मा पुढे चालवू पाहतो.

जपानचे केजी इनाफुने यांनी १९८७ साली सुरू झालेल्या 'मेगा मॅन' या खेळमालिकेसाठी दीर्घकाळ काम केले होते. २०१३ साली त्यांनी 'मायटी नंबर नाइन'साठी हाक दिली. मागणी ९ लाख डॉलरांची होती. ६७ हजारांवर लोकांनी ३८ लाखांहून अधिक डॉलर दिले. पैसा वाढला तशी आश्वासनेही वाढली. खेळ पुन्हापुन्हा लांबणीवर पडून जून २०१६ मध्ये आला आणि पुष्कळांची निराशा करून गेला. दुसरीकडे, 'कॅसलव्हेनिया' मालिकेमुळे नावारूपास आलेल्या कोजी इगाराशी यांना २०१५ साली 'ब्लडस्टेन्ड'साठी ५५ लाख डॉलर मिळाले. तोही खेळ उशिरा, २०१९ साली आला. परंतु वाखाणला गेला. दोन्हीकडचे वर्गणीदार सारखेच उत्साही, सारखेच उदार होते. देताना मात्र आपल्या वाट्याला कोणता निकाल येणार, हे कोणासही ठाऊक नव्हते.

मग या देण्याला काय म्हणावे? खरेदी म्हणावी, तर वस्तू अस्तित्वात नाही. दान म्हणावे, तर देणाऱ्याला बदल्यात खेळ हवा आहे. येथे आम्हांस पैसाफंड आठवतो. प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. आपल्या रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. पैसा देणाऱ्याने त्या काचेचा पेला आपल्या घरी यावा अशी अट घातली नव्हती. देशात काच व्हावी, यातच त्याचे समाधान होते. हे विश्वासाचे देणे. ते बुडू शकते हे जाणून द्यायचे असते. म्हणूनच ते बुडाले तरी घर हलणार नाही, एवढेच असावे लागते.

मागणाऱ्याचीही जबाबदारी आहेच. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दाखला लूकच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. दुसऱ्याच्या पैशावर बुरूज बांधणाऱ्याला तो दुपटीने लागू पडतो.

कोणी म्हणेल, दारी गरजू असताना खेळासाठी पैसे का? मनोरंजनाला घरखर्चात स्थान असण्यात आम्हांस पाप दिसत नाही. मात्र ती रक्कम आपल्या करमणुकीच्या वाट्यातून जावी, गरजूंच्या वाट्यातून जाऊ नये. आणि ती पत्नीला विचारून जावी.

इथवर सारे सोपे होते. पण आम्हांला आमचीच एक जुनी चूक आठवली. तरुणपणी आम्ही ज्यात वावरलो ते नाट्यमंडळ पुन्हा उभे करण्यासाठी काही वर्षांपूर्वी वर्गणी निघाली. आम्ही ऐपतीहून थोडी अधिकच दिली. नाटक झाले, चांगलेही झाले. आम्ही मात्र खट्टू होऊन परतलो आणि वर्षभर कार्यकर्त्यांना नावे ठेवत राहिलो. पुढे उमगले, की आम्ही ती वर्गणी नाटकासाठी दिलीच नव्हती. पेट्रोमॅक्सच्या उजेडात विंगेत उभे असलेले आमचे विसावे वर्ष आम्हांला परत हवे होते. ते कोणत्या मंडळाने आणून द्यावे?

म्हणून आम्ही त्या तरुणाला विचारले, "तुला नेमकं काय परत हवंय?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग सांगू लागला: ऐन रंगात वीज जायची, आजी फणसाचे गरे पुढे ठेवायची, चुलतभाऊ अंधारात पुढच्या डावाचे बेत रचायचा. त्या भावाशी घराच्या वाटणीवरून सहा वर्षे बोलणे नाही.

"खेळ जगात यावा असं वाटत असेल, तर झेपेल तेवढं दे आणि विसरून जा," आम्ही म्हणालो. "पण भाऊ परत हवा असेल, तर त्याची वर्गणी निराळी आहे, आणि ती तिथे भरून चालायची नाही."

पुढे कळले, की पत्नीशी बोलून त्याने एक हजार रुपये पाठवले. भावाविषयी तो काही बोलला नाही आणि आम्ही विचारले नाही. तो हिशेब त्याचा त्याने बसून करायचा आहे.